आत उघडणारी खिडकी

"मग ही खिडकी शिदूनं नाही अडवली, तर कुणी अडवली, बुवा?"

बुवांचा थोरला शिष्य अच्युत, त्याचा आवाज मठाच्या ओसरीपर्यंत आला. मी चपला काढत होतो. माझी लाकडाची वखार. मठाच्या खिडक्यांना साग मीच दिलेला. म्हटलं, आळ आता आमच्या सागावर येतोय की काय! धंद्यात माणसाचे कान असेच तिखट होतात.

आत गेलो. नरसूबुवा गादीवर बसून धापा टाकत होते. दम्याचं जुनं दुखणं, आणि खोलीला खिडकी एकच. तिचं दार आत उघडायचं. पण बोटभर सरकलं की चौकटीच्या कडेच्या पट्टीला अडत होतं. भिंत आणि चौकट यांच्यातली फट झाकायला मारलेली ती पट्टी फुगून पुढे आली होती.

"शेटजी, तुम्हीच सांगा. लाकूड ओलं होतं?" अच्युतानं मलाच धरलं.

"माझं लाकूड माझ्या सासऱ्यापेक्षा सुकं असतं, महाराज."

बुवा हसले. हसता हसता खोकले.

"ऐकलंत, बुवा? मग ही शिदूचीच करणी. खोली रोज तोच झाडतो. तुमचा श्वास कोंडावा, मठ त्याच्या हाती यावा... संध्याकाळच्या एसटीनं त्याला गावी धाडा. त्याचं बोचकंही मी बांधून ठेवलंय."

शिदू हा बुवांचा दुसरा शिष्य. मागे विहिरीवर पाणी शेंदत होता.

खरं सांगतो, मलाही शंका आली. गरीब चेहऱ्याची गिऱ्हाइकं मी फार पाहिली आहेत.

बुवांनी कोनाड्यातली पटाशी काढून अच्युतापुढे धरली.

"पट्टी काढ."

"मी?"

"तुझा हात बसलाय."

अच्युत थबकला... मग त्यानं पटाशी घातली. खिळे करकरले. पट्टी सुटली, आणि मागून चिंध्यांचा एक बोळा खाली पडला. दमट हवेनं टम्म फुगलेला. भगवा.

अच्युताच्या उपरण्याला एक कोपरा नव्हता.

"हा कुणाचा?" बुवांनी विचारलं.

"...मीच कोंबला. पट्टी काढून पुन्हा मारली. शिदू मागच्या ओसरीवर त्या फटीपाशीच बसायचा, बुवा. आपलं बोलणं ऐकायचा!"

"काय बोलायचो आपण?"

अच्युतानं उपरण्याचा फाटका काठ मुठीत घेतला.

"शेटजींना सांग. ते बाहेरचे आहेत."

"...शिदूबद्दल."

मी छताच्या वाशांकडे पाहू लागलो. वासे चांगले होते.

बुवांनी खिडकीचं दार ओढलं. ते सबंध उघडलं. वारा आत आला. विहिरीवरचा रहाट थांबला.

"उघडली का हो, बुवा?" शिदू तिकडून ओरडला. "आता बरं वाटेल तुम्हाला!"

अच्युत खाली बसून खिळे वेचू लागला. बराच वेळ वेचत होता. मग पट्टी चौकटीला लावली.

"शेटजी, सुतार सूट सोडतात ना? किती?"

"लाकूड फुगेल तेवढी," मी म्हणालो. "आमच्या गिऱ्हाइकांना लागते ती सूट वेगळी."

तो हसला नाही. बुवांकडे वळला.

"फट किती ठेवू, बुवा?"

बुवांनी एक लांब श्वास घेतला.

"शिदूचा कान मावेल एवढी."