पुढून दुसरं पान

"मग पानं सुटतातच का, एवढं सांगा!"

महाबळ सरांनी पुस्तक बाबालालचाचांच्या पुढ्यात जवळजवळ आपटलंच. त्यासरशी एक पान निसटलं आणि घसरत खळीच्या भांड्यापाशी जाऊन थांबलं.

चाचा त्या पानाकडे बघत राहिले. खळ ढवळायचं काही थांबवलं नाही.

"चौथं पुस्तक आहे हे. चौथं!"

"दिसतंय."

"मोबाईलवर बघितलं तसंच केलं. पट्टी लावून, मोजून. तिथं तो माणूस पुस्तक हवेत धरून हलवतो, एक पान पडत नाही. माझं नुसतं उघडलं की गळायला लागतं."

"..."

"तुम्ही काहीतरी बोलाल का?"

"खळ करपंल," चाचा म्हणाले.

बाबालाल आतार म्हणजे आमच्या विट्यातले जुने बाइंडर. वय ऐंशीच्या पुढेच. पिराच्या मागं एका खोलीत राहतात. दर्ग्यातल्या पुस्तकाची पाठ उखडली तरी तेच बांधतात आणि देवळातल्या पोथीची उखडली तरी तेच. मी पोस्टातून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दहाला तिथं जाऊन बसतो. शिकलो काहीच नाही, पण चहा मिळतो.

महाबळ सरांनी कॉलेजात पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. अजूनही समोरच्याला ढ विद्यार्थी समजूनच बोलतात. त्यांचे वडील गुरांचे डॉक्टर होते. येत्या रविवारी त्या वडलांच्या जन्माला शंभर वर्षं होणार होती. वडलांनी शेवटच्या वर्षी एका वहीत रोज थोडं थोडं लिहिलं होतं. ते सरांनी स्वतः टाइप केलं, घरच्या प्रिंटरवर छापलं, आणि आता पंचवीस पुस्तकं घरीच, स्वतःच्या हातानं बांधायची असा पण केला होता.

चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ठेवून जावा. दोन दिसांत करून देतो."

"नाही. अण्णांचं पुस्तक आहे. दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

मग दुसऱ्याच्या दारात कशाला आलात, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण चहा यायचा होता. गप्प बसलो.

तर, गुरुवारची सकाळ. चौथं पुस्तक गळलेलं. सर तापलेले. चाचांनी भांडं खाली उतरवलं, हात पुसले आणि पुस्तक उचललं. कव्हर सोलून काढलं. पानांच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"ह्ये काय केलंय?"

सरांचा चेहरा जरा उजळला. "पाठ घासली. आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक. अर्धा तास लागतो एकेकाला. कुठं एक केसभर उंचसखल सापडणार नाही."

"कशापायी?"

"स्वच्छ दिसावं म्हणून."

"सगळं गुळगुळीत. मग डिंकानं धरायचं कशाला?"

"... म्हणजे?"

चाचांनी पानं ठोकून सारखी केली, शिकंज्यात घातली आणि दांडा पिळून घट्ट आवळली. पाठ तेवढी वर राहिली. मग मागच्या डब्यातून लोखंड कापायच्या करवतीचं पातं काढलं आणि सरांपुढं धरलं.

"चालवा."

"करवत? पुस्तकावर?"

"पाठीवर."

"चाचा, हे माझ्या वडलांचं..."

"चालवा म्हंतो ना!"

चाचांचा आवाज चढलेला मी वर्षातून एखाद्या वेळी ऐकतो. सरांनी मुकाट पातं घेतलं. पाठीवर ठेवलं. स्वतःच्याच अंगावरून फिरवल्यासारखं एकदा ओढलं. जरासा पांढरा भुगा पडला.

"खोल."

"पानांना इजा..."

"खोल."

पाच खाचा झाल्या. सरांच्या कपाळावर घाम आला. चाचांनी खाचांत डिंक भरला, प्रत्येकीत दोऱ्याचा एकेक तुकडा बसवला, वरून पुन्हा डिंक फासला.

"उद्या या."

"किती वाजता उघडायचं?"

"उद्या."

दुपारी चारला सर हजर. "वाळलं असेल ना?" पाचला पुन्हा. "नुसतं बघतो, हात नाही लावत." माणूस सत्तरीचा, आणि चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून बघावं तसा दर तासाला येतोय. शेवटी चाचांनी शिकंज्यावर घोंगडं टाकलं, त्यावर बसले आणि तिथंच पेपर वाचायला काढला.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला सर आले.

चाचांनी पुस्तक बाहेर काढून त्यांच्या हातात दिलं. "वढा."

सरांनी मधलं एक पान चिमटीत धरून हळूच ओढलं. मग जोरात. पान आलं नाही. दुसरं ओढलं. तेही आलं नाही. सरांनी पुस्तक उलटं धरून झटकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं. चार दिवसांचा माझा वैतागही जरा उतरला.

"मला हे कुणी सांगितलंच नव्हतं," ते म्हणाले.

"तुमी इचारलं कवा? तुमी सांगतच हुता."

आता हा माणूस घरी जाईल आणि उरलेली चोवीस पुस्तकं बांधेल, असं मला वाटलं. पण सरांनी पिशवीतून धुतल्या पंचात गुंडाळलेली एक वस्तू काढली.

"आता एक छोटं काम. ही अण्णांची मूळ वही. रविवारी फोटोपुढं ठेवायची आहे. पुढचं एक पान सुटलंय. तेवढं चिकटवून द्या."

दोनशे पानांची, मधोमध दोऱ्यानं शिवलेली साधी वही. चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली. सुटलेलं पान बाजूला काढलं. वही मधोमध उघडून दोऱ्यावर नख ओढलं, कान लावल्यासारखी मान कलती केली, मग वही मिटली.

"पुढनं दुसरं."

"हो. जुनी झाली म्हणून सुटलं."

"जुनी झाली म्हणून दोरा कुजतो. दोरा खणखणीत हाय."

"मग हाताळताना सुटलं असेल. तुम्ही चिकटवा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

चाचांनी वही उलटी केली. मागून पहिलं पान उलटलं. पुढच्या पानाआधी, शिवणीच्या कुशीत, नखाएवढी कागदाची कड उभी होती. त्यांनी बोट तिच्यावर ठेवलं आणि तिथंच ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

चाचा माझ्याकडे वळून बोलले, पण ते सरांना होतं. "शिवल्याल्या वहीत पान एकटं नसतं. ताव एकच. मधोमध दुमडल्याला. निम्मा पुढं, निम्मा मागं. मागचं फाडलं की पुढचं सुटतं. आज न्हाई सुटलं तर म्हयन्यानं सुटतं."

सुटलेलं पान माझ्या गुडघ्यापाशीच पडलं होतं. पोस्टातल्या माणसाची नजर लिहिलेल्यावर जातेच. वर डॉक्टरांच्या सुबक अक्षरात होतं, 'ही वही रमाने आणून दिली. म्हणाला, अण्णा, रोज दोन ओळी तरी लिहीत जा.'

रमाकांत म्हणजे सरांचे, घरातल्या शशीचे, थोरले भाऊ. बडोद्याला असतात. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा ते तिसऱ्या दिवशी पोचले. गावानं, भावकीनं त्यांना नको नको ते ऐकवलं. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं नाही. पुस्तकाचं ऐकून रविवारी येतो म्हणाले होते, तेही पुतणीकडं निरोप देऊन.

"मागच्या पानावर काय होतं?" मी विचारून बसलो.

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी आक्रसलो. त्यांनी स्वतः काहीच विचारलं नाही. खळीवर आलेली साय चमच्यानं काढली आणि बाजूला ठेवली.

"शेवटच्या आठवड्यातलं आहे," सर म्हणाले. "हात थरथरत होता त्यांचा. लिहिलंय... 'शशीला आज तिसऱ्यांदा म्हटलं, रमाला कळव. म्हणतो, कळवलंय. रमा येत नाही.'"

"आणि तुम्ही कळवलंच नव्हतं?" हा पुन्हा मीच.

"आधीच्या दिवाळीत माझं आणि रमादादाचं जोरात वाजलं होतं. क्षुल्लक कारण. मी म्हटलं, उद्या करू फोन. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या करू. मला काय माहीत, अण्णा इतक्यात..." सरांनी चष्मा काढला. "तो आल्यावर सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी सांगितलं, फोन केला होता, त्यानं उचलला नाही. सगळ्यांसमोर सांगितलं."

मला सरांचा संताप आला. चार दिवस आम्ही ज्या पुस्तकाच्या पाठीसाठी जीव आटवला, ते हे! आणि त्याच वेळी त्यांचे मांडीवर पालथे पडलेले हात बघून कीवही आली. दोन्ही एकदमच झालं, त्याला माझा इलाज नाही.

चाचा मात्र वहीच बघत होते.

"छापलेल्या पुस्तकात ते पान घेतलं नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "त्यात काही कळत नाही."

"व्हय. सुट्या पानांचं असतंय. त्यात कळत न्हाई."

"मग हेही तसंच करून द्या. मागची कड कापून टाका, आणि पुढचं चिकटवा."

"न्हाई."

"पातळ पट्टी लावून?"

"न्हाई."

"तुम्हाला येत नाही असं तर नाही!"

"येतं."

"मग अडचण काय आहे तुमची?" सरांचा जुना आवाज परत आला. "साधं एक पान!"

"एकटं पान मी चिकटवत न्हाई."

"चाचा, परवा रविवार आहे! रमादादा आल्या आल्या वही हातात घेईल. त्यानं आणलेली आहे ती. त्याचंच नाव असलेलं पान त्याच्या हातात सुटं येणार!"

"येणार की."

"मग मी त्याला काय सांगू?"

सर उठले, दारापर्यंत गेले, चप्पल पायात घातली, पुन्हा काढली आणि परत येऊन बसले. असला हट्टी गुरू आणि असला हट्टी शिष्य एका खोलीत कोंडल्यावर तिसऱ्यानं काय करायचं असतं, मला माहीत नाही. चहाची आठवणही कुणाला नव्हती.

मग चाचांनी त्या सकाळचा एकच खरा प्रश्न विचारला.

"त्ये पान टाकलं?"

सरांनी मान हलवली. "नाही. तीनदा टाकायला गेलो... टेबलाच्या खणात आहे."

चाचांनी श्वास सोडला. मला वाटतं, तेही मघापासून तो धरूनच बसले होते.

त्यांनी झाकणाच्या एका डबीत खळ काढली. पातळ कागदाची एक लांब पट्टी कापली. मोठी सुई घेतली, हातभर दोरा मेणबत्तीवरून ओढून ओवला, आणि सगळं वहीसकट पंचात ठेवून सरांपुढं सारलं.

"दोनी पानं ह्या पट्टीवर जोडायची. मंग मधी दुमडून वहीत घालायची. जुन्या भोकांतनंच शिवायचं. नवी भोकं पाडायची न्हाईत."

"मी?"

"घरी बाइंडिंग करायचं हुतं न्हवं तुमाला?"

"तुम्हीच द्या करून. पाया पडतो. पान घेऊन येतो मी आत्ता."

"माझा हात कशाला? अण्णांची वही हाय."

सर त्या सुईकडे बघत राहिले. पस्तीस वर्षं फळ्यावर उत्तरं लिहिलेला माणूस, त्याला ती उचलवेना.

"जमेल मला?"

"एकट्याला न्हाई जमत. शिवताना वही ताणून धराय लागती. एकानं धरायची, एकानं वढायचं."

"घरी मी एकटाच असतो, चाचा."

चाचांनी पंचाची गाठ मारली आणि ती सरांच्या मांडीवर ठेवली.

"मंग परवापातूर थांबा," ते म्हणाले. "वही धराय माणूस येतोय की."