दिवे मालवून उद्घाटन

भर दुपारी बागेत 'वीज वाचवा' मोहिमेचं उद्घाटन होतं. फोटोत आपला चेहरा उजळावा म्हणून नगराध्यक्ष भाऊसाहेबांनी लख्ख उन्हातही बागेतले झाडून सारे दिवे लावले होते. समई पेटवायचा मान महिला मंडळाच्या प्रयागताईंचा. घरात रिकाम्या खोलीत पंखाही फिरू न देणारी ही बाई ते पाहून धुमसत होती. मेणबत्ती हातात घेऊन त्या उभ्याच राहिल्या.

"ताई, दिवा लावा की! सगळे खोळंबलेत," भाऊसाहेब खेकसले.

"वीज वाचवायची सुरुवात दिवा लावून कशी होईल, अध्यक्षसाहेब?" म्हणत ताई तरातरा गेल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. "झालं उद्घाटन!"

टाळ्यांनी बाग दणाणली. आजही त्या गावात खोलीतून निघताना दिवा बंद करणारं माणूस ऐटीत म्हणतं, "झालं उद्घाटन!"