यवनराजाची मान

तारवडीच्या भुजंगराव महाराजांना एका नाण्यानं भंडावून सोडलं!

नाणं चांदीचं, कुण्या जुन्या यवन, म्हणजे ग्रीक राजाचं. त्यावर त्याचा मुखडा. सरळ नाक, कुरळे केस, डोक्याला फीत. सगळं झकास, पण बघायचा एकाच बाजूला! महाराजांनी नाणं असं धरलं, तसं धरलं, खिडकीत नेलं. यवन काही केल्या त्यांच्याकडे बघेना.

"आमच्या मखमलीवर बसतो आणि आमच्यापासूनच तोंड फिरवतो?" महाराज कडाडले.

"उर्मट आहे, सरकार! फार उर्मट!" दिवाणजी म्हणाले. त्यांना पगार बहुतेक होला हो म्हणण्याचाच मिळायचा.

सोनारानं त्या जातीच्या दुसऱ्या नाण्यावर आणखी एक डोळा कोरून पाहिला. यवन तिरळा झाला आणि सोनार कोठडीत गेला.

ही असली दोन-चार नाणी सापडली होती कुंभारांच्या मातीच्या खाणीत. आणखी मिळतील या हावेनं महाराजांनी खाणीवरच पहारा बसवला. माती बंद म्हणून मडकी बंद, मडकी बंद म्हणून चुली बंद! कुंभाराची तुळसा रोज दरबारात येऊन खाण परत मागायची. पण महाराज भिंग लावून नाणी बघत बसलेले. मान वर करतंय कोण?

आज मात्र भिंगातूनच ते गुरगुरले, "खाण हवी? मग या यवनाला माझ्याकडे बघायला लाव! नाहीतर खाण कायमची सरकारजमा!"

"एवढंच ना?" तुळसा म्हणाली. "पण तोही पडला राजा. तो दुसऱ्या राजाचंच बघून शिकणार. आधी तुम्ही वळून दाखवा."

तिनं कनवटीचा रुपया काढून यवनाशेजारी ठेवला. महाराजांनी हौसेनं यवनासारखाच पाडून घेतलेला! त्यावर खुद्द महाराज, तेही एका बाजूला बघणारे.

"हे तुम्हीच ना, सरकार? जन्मात कधी आमच्याकडे बघितलं नाहीत. जरा मान वळवा, की यवनानं वळवलीच म्हणून समजा!"

"खुळी का काय तू? छापातली मान कशी वळेल?"

"ऐकलंत ना, दिवाणजी? सरकारच म्हणाले हं!"

"उर्म..." दिवाणजींनी उरलेला शब्द गिळला.

"मग त्या मेलेल्या बिचाऱ्याला कशाला छळता?" तुळसा आता पेटली होती. "त्याची मान चांदीची! तुमची तर अजून हाडामांसाची आहे ना? मी रोज इथं उभी असते, तरी ती माझ्याकडे का वळत नाही?"

दिवाणजींनी तर डोळेच मिटून घेतले.

महाराजांनी भिंग खाली ठेवलं आणि मान वर केली. पहिल्यांदाच तुळसाकडे नीट बघितलं. कुंभाराच्या पोरीचे हात, आणि मातीचा कण नाही! महाराज ओशाळले, आणि मग असे खो खो हसले की पगडी कानावर आली.

"उठवा रे पहारा! खाण कुंभारांची! सोनारालाही सोडा! आणि पोरी, हे यवनाचं नाणं तुला बक्षीस!"

तुळसानं नाणं उचललं, उलटसुलट केलं आणि परत मखमलीवर ठेवलं.

"नको, सरकार. हा मेला माझ्याकडेही बघत नाही! त्यापेक्षा माती वाहायला गाडी द्या."

महाराज पुन्हा हसले. गाडी दिली, बैलजोडी दिली, आणि गाडी हाकायला दिवाणजींना बसवलं!