भुजंगरावांची दोरी

जांभुळखेडचे जहागीरदार भुजंगराव यांना घोड्यांच्या पागेसाठी शाळेचं अंगण हवं होतं. अंगण आठ काठ्या लांब, आठ काठ्या रुंद होतं. बदल्यात ते ओढ्याकाठची चौदा काठ्या लांब आणि दोन काठ्या रुंद पट्टी देणार होते.

"दोन्हींभोवती दोरी फिरवून पाहा, तेवढीच पुरते. म्हणजे जागा सारखीच," त्यांनी भर सभेत सांगितलं.

शाळेच्या शिक्षिका द्वारकाबाई उभ्या राहिल्या. मग त्यांनी सोबत आणलेल्या मुलांना विचारलं, "काठीभर लांब, काठीभर रुंद असे चौकोन आखले, तर अंगणात किती बसतील?"

"आठ आठे चौसष्ट!"

"आणि पट्टीत?"

"चौदा दुणे अठ्ठावीस!"

"पाढे ऐकायला मला वेळ नाही!" भुजंगराव गरजले. "दोरी कमी पडली का, तेवढं सांगा."

"नाही सरकार, दोरी पुरते," बाई म्हणाल्या. "मग आपला पलंगही बदलून घ्या ना. समजा, तो चार हात लांब आणि तीन हात रुंद आहे. सुताराकडून साडेसहा हात लांब आणि अर्धा हात रुंद करून घ्या. दोरी तेवढीच पुरेल."

"अहो बाई, अर्ध्या हातात मी कूस कुठं बदलू?"

"पोरं हेच विचारताहेत, सरकार."

आधी शेजारी बसलेले दिवाणजी हसले, मग भुजंगरावांनाही हसू आवरेना.

"राहू द्या तुमचं अंगण तुम्हालाच!"

द्वारकाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तोवर मुलं अंगणाकडे पळालीसुद्धा होती.