कच्च्या मनाचं कुलूप

कॉलेज अर्धवट सोडलेली केतकी देवस्थानाच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीचा अभ्यास करायची. एका खोलीच्या घरात तिला कोपराही नव्हता. पण रील्स बघण्यातच दिवस जायचा. म्हणून तिने फोनला कुलूप घालणारं ॲप टाकलं आणि त्याचा पासवर्ड मैत्रिणीकडे दिला. संध्याकाळपर्यंत फोन मुका.

ही गोष्ट देवस्थानाच्या अध्यक्षांच्या, आप्पासाहेबांच्या कानावर गेली. उपदेशाची खाज त्यांना जन्मजात. दोन विश्वस्तांना घेऊन ते आले आणि सगळ्यांसमोर गरजले, "स्वतःच्या फोनची किल्ली दुसरीकडे? आमच्या पिढीचा मनावर ताबा असतो, आम्हाला कुलपं लागत नाहीत. असल्या कच्च्या मनाच्या पोरीला इथे जागा नाही. उद्यापासून यायचं नाही!"

केतकीने वह्या उचलल्या.

"जाते की, आप्पासाहेब. फक्त एवढं सांगा, बाहेरच्या दानपेटीला तीन कुलपं आहेत आणि तुम्हा तिघांकडे एकेक किल्ली. मनं एवढी पक्की, तर दोन कुलपं काढून टाका ना. एकच राहू द्या, तुमचं."

आप्पासाहेबांनी तोंड उघडायच्या आत दोन्ही विश्वस्तांचे हात आपापल्या खिशातल्या किल्लीवर गेले.

"बस गं बाळ," त्यातला एक घाईघाईने म्हणाला, "अभ्यास कर."