लिंबाजीची फटफटी आणि मेव्हणीचं लग्न

सावरगाव नावाच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसराच शब्द वापरायचं.

लिंबाजीकडे एक जुनी फटफटी होती. ती चालायची कमी, खोकायची जास्त. आणि मेव्हणीचं लग्न तर येऊन ठेपलेलं. बायको शेवंता म्हणाली, "धाकट्या बहिणीचं लग्न आहे. फटफटी नीट करा, नाहीतर मी एकटी एसटीनं जाते."

लिंबाजी फटफटी घेऊन उस्मान मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं आवाज ऐकला आणि म्हणाला, "कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. खोल आणि घासून साफ कर."

लिंबाजीनं घरी येऊन कार्बोरेटर खोलला. राख घेतली, काथ्या घेतला, मोरीत बसून घासघास घासला आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. पितळी तांब्यासारखा चकाकला. फटफटी मात्र खोकायचीही बंद झाली.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अरे, तो काय पूजेचा गडवा आहे? पेट्रोलनं धुवायचा! आणि बारीक भोकं असतात ना, त्यांत काहीही घालायचं नाही. नुसती फुंकर मारायची."

"आता ध्यानात राहील," लिंबाजी म्हणाला. राहिलं. तिथंच तर घात झाला.

घरी शेवंता लग्नातल्या पोलक्याला हुका लावत होती. "अहो, एवढी सुई ओवून द्या."

लिंबाजीनं सुई डोळ्यांसमोर धरली, गाल फुगवले आणि फुंकर मारली. परत मारली. सुई उडून अंगणातल्या शेणात पडली.

"हे काय करताय?"

"बारीक भोक आहे. काही घालायचं नाही त्यात."

शेवंता कडाडली, "भोक दिसलं की दोऱ्याला थुंकी लावायची आणि ओवायचा! कळलं?"

"कळलं," लिंबाजी म्हणाला आणि उठून कार्बोरेटरकडे गेला. पेट्रोलनं धुतला, तेवढं बरोबर केलं. मग एकेका भोकात थुंकी लावून लाल दोरा ओवला आणि सुटू नये म्हणून गाठी मारल्या.

मिस्त्रीनं दोरे उपसले. शिव्या उर्दूत सुरू केल्या, मराठीत संपवल्या. "तू हात लावू नकोस! नुसतं बघ. हा स्क्रू आधी पूर्ण आवळायचा. मग दीड फेरा उलटा सोडायचा. तेवढं केलं नाही तर पुढं सगळा धूर!"

फटफटी सुरू झाली. नवराबायको वेळेवर मांडवात पोचले. शेवंता हसली. बिचारीला वाटलं, संपलं एकदाचं.

अक्षता पडल्या, होम पेटला. उपरण्याला शालूची गाठ मारून नवरानवरी होमाभोवती फिरू लागले. लिंबाजी टक लावून बघत होता. शेवटची फेरी संपली आणि गुरुजींनी हात जोडले. आता पुढं सगळा धूर होणार. मेव्हणीच्या संसाराचं कुणाला काही पडलेलंच नव्हतं!

तो उठला, गाठ मुठीत धरली आणि दोघांना ओढत उलटं फिरवू लागला. एक फेरा झाला. अर्धा झाला. तिथं त्यानं गाठ सोडली.

नवऱ्याची आई ओरडली, "अगंबाई, फेऱ्या उलगडल्या! हा मेला कोण?"

शेवंतानं पदर तोंडावर ओढला. "कुणास ठाऊक. आमच्याकडचा नाही."

गुरुजींनी घाम पुसला आणि होमात पुन्हा तूप सोडलं. "सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून घ्याव्या लागतील."

"घ्या, घ्या, पूर्ण आवळा," लिंबाजी बाह्या सरसावत म्हणाला. "सोडायला मी आहे."