मोराची पेटी

एका गावात एक घर होतं, आणि त्या घरात दोन बायका एकमेकींशी फारसं न बोलता राहत होत्या. एक गिरजाबाई, सासू. दुसरी प्रणिता, नवी सून. मुलगा दिगंबर सकाळी शेतावर जाई तो दिवेलागणीला परते. तोवर घरात बोलायचं काम एकटी कोंबडी करी.

प्रणिता आल्यापासून भाकरी तीच थापी, पाणी तीच भरी. गिरजाबाई ओट्यावर बसून राही. सासूला वाटे, सुनेने घर घेतलं. सुनेला वाटे, घराने आपल्याला अजून घेतलंच नाही.

प्रणिताच्या मालकीची एकच वस्तू होती. वडिलांनी दिलेली पत्र्याची पेटी, वर मोर रंगवलेला आणि पुढे पितळी कुलूप. दुपारी ती पेटी उघडून बसे. साड्यांना माहेरचा वास होता. तो थोडा घेऊन ती झाकण लावी, पुरवून पुरवून वापरायचा म्हणून.

एकदा अंधारून आलं असताना तिने फोडणीसाठी तेलाची समजून फळीवरची बाटली काढली. झाकण फिरवलं आणि उग्र वास आला. ते कपाशीवर फवारायचं औषध होतं. तेलाच्या बाटलीला चिकटूनच ठेवलेलं.

"आत्याबाई, हे इथं?"

"माझ्या लग्नापासून तिथंच असतं. अजून कोणी मेलं नाही."

तो 'अजून' प्रणिताने मनात ठेवला. नव्या सुनेला पुष्कळ गोष्टी मनात ठेवाव्या लागतात, पण ही काही तिथे मावेना.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी रिकामी केली. साड्या गाठोड्यात बांधल्या. घरातल्या साऱ्या विषारी बाटल्या पेटीत ठेवल्या, आणि दिगंबरकडून पेटी गोठ्यातल्या खांबाला साखळीने जखडून घेतली. किल्ली मंगळसूत्रात ओवली.

"माझ्याच शेताचं औषध, आणि बायकोकडे मागायचं!" दिगंबर कुरकुरला, पण मागू लागला.

शेजारची सिंधूकाकू हसून हसून दमली. "अगं बाई, लोक पेटीत सोनं ठेवतात! आणि साड्या काय दोरीवर?"

गिरजाबाईने फळीवरच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं.

कपाशीची वेचणी संपली. एका दुपारी गिरजाबाई सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"किल्ली दे."

"कशाला, आत्याबाई?"

"वांग्यावर अळी पडलीय."

प्रणिताने परसाकडे पाहिलं. वांग्याची झाडं गिरजाबाईनेच परवा उपटली होती. ती झाडं चुलीशेजारी वाळत पडली होती. मग तिने सासूकडे पाहिलं. सासूचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा होता.

आजवर प्रणिताने सासूला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. तिने किल्ली मुठीत धरली.

"किल्ली नाही देणार."

"सून आहेस की पहारेकरी?"

"आज पहारेकरी."

गिरजाबाई तशीच उभी राहिली. प्रणिता ओरडली नाही, उपदेश केला नाही. तिने सासूचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. विचारायला जीभ रेटेना, तरी तिने विचारलंच, "आत्याबाई, जीव द्यायचं मनात आलं का?"

गिरजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दारातलं ऊन सरकून भिंतीवर गेलं.

"या घरात आता माझं काम काय?" गिरजाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

प्रणिताने तिला रडू दिलं. मग हळूच म्हणाली, "मी आल्यापासून तुम्ही माझी कच्ची भाकरी खाताय. एकदा तरी बोलायचं होतं."

"कच्ची नसते," गिरजाबाईने नाक पुसलं. "जाड असते. आणि कडा फाटतात."

"मग शिकवा की."

त्या संध्याकाळची भाकरी दोघींनी मिळून केली. दिगंबर आल्यावर प्रणिताने त्याला सगळं सांगितलं. सकाळी दोघं गिरजाबाईला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तिचं सारं ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, आणि पुन्हा बोलायला यायला सांगितलं. ती जात राहिली. एका दिवसात काही मन हलकं होत नाही. पण पुढचे दिवस मिळाले, म्हणून ते हळूहळू हलकं झालं.

झाली गोष्ट घराबाहेर गेली नाही. तरी पुढच्या हंगामात सिंधूकाकू पदराखाली काहीतरी झाकून गोठ्याशी आली. या वेळी ती हसत नव्हती.

"प्रणिता, तुझ्या पेटीत जागा आहे का गं? घरात पोरं आहेत."

जागा होती. हळूहळू साऱ्या आळीच्या बाटल्या मोराखाली कुलपात गेल्या.

एक दिवस प्रणिता पाणी भरून आली, तर तिचं गाठोडं जागेवर नव्हतं. गिरजाबाईने आपल्या लाकडी कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला होता. तिथे प्रणिताच्या साड्या घड्या घालून ठेवल्या होत्या. प्रणिताने एक घडी नाकाशी नेली. माहेरचा वास गेला होता. कपाटाचा लागला होता.

तात्पर्य: विष कुलपात ठेवावं आणि माणसाला एकटं ठेवू नये. वाईट घटका टळायला कुलूप पुरतं, पण ती पुन्हा येऊ नये म्हणून शेजारी कोणीतरी बसावं लागतं.